बूस्ट व्हॉल्व्ह बंद करत नाही: स्प्रिंगांविषयीच्या एका फिरत्या मजकुराला उत्तर

टर्बो गाडीत, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरणारा पंप इंजिनात जादा दाबाने हवा भरतो अशा गाडीत, परफॉर्मन्स कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा, जास्त ताकदीसाठी वेगळा घडवलेला दांडा) बसवताना व्हॉल्व्ह परत बंद करणाऱ्या स्प्रिंगा बदलण्याची गरज नसते, असे ठासून सांगणारा एक मजकूर सध्या गॅरेजवाल्यांच्या आणि गाडीवेड्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरत आहे. मी तो पूर्वी पाहिला होता आणि सोडूनही दिला होता, कारण प्रत्येक चुकीच्या मजकुराला उत्तर देत बसलो तर हेडचे, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागाचे, काम कोण करणार? या वेळी मात्र तो माझ्या भाच्याने पाठवला आणि खाली लिहिले, ‘मामा, बघा की, स्प्रिंगांचे पैसे वाचले.’ त्याच्याकडे जुनी फियाट लिनिया टी-जेट ही टर्बो गाडी आहे, कॅमशाफ्टची जोडी येऊन पडली आहे आणि सोलापुरातल्या होटगी रोडवरच्या एका गॅरेजात काम काढायचे ठरले आहे. त्यामुळे आता गप्प बसणे शक्य नाही.

मजकुरातले दावे थोडक्यात असे आहेत. एक, टर्बोचा दाब, म्हणजे बूस्ट, व्हॉल्व्हला सीटवर (तो बंद होताना टेकतो त्या कड्यावर) दाबून धरतो, म्हणून स्प्रिंगचे काम उलट हलके होते. दोन, टर्बो गाडी साडेसहा हजार आरपीएमच्या वर जातच नाही, आणि फ्लोट (वेगात व्हॉल्व्ह कॅमबरोबर वेळेवर परत न येता तरंगणे) ही फक्त रेसच्या बिनटर्बो गाड्यांची अडचण आहे. तीन, लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडताना सीटपासून सरकण्याचे अंतर, एक-दीड मिलिमीटरने वाढली तर स्प्रिंगला काही फरक पडत नाही. चार, कडक स्प्रिंग इंजिनाची ताकद खाते आणि कॅम झिजवते. पाच, एवढे करून कोणाला भीती वाटलीच, तर त्याने मूळ स्प्रिंगखाली एकेक वॉशर टाकावा, काम होते. शेवटी ‘स्प्रिंगा विकणाऱ्यांच्या नादी लागू नका’ असा सल्लाही आहे.

पहिला दावा इतका उलटा आहे की तो लिहिणाऱ्याने व्हॉल्व्ह कधी हातात घेऊन पाहिला असेल का, अशी शंका येते. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूने सीटवर बसतो आणि उघडताना सिलिंडरच्या आत उतरतो. त्याची पाठ पोर्टकडे (हेडमधल्या हवा-वायूच्या वाटेकडे) असते आणि तोंड पिस्टनकडे. टर्बोने दाबलेली हवा पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या पाठीवर येते, आणि पाठीवर आलेला दाब व्हॉल्व्हला सीटवरून खाली ढकलतो. त्याला वर ओढून धरणारी एकच वस्तू आहे आणि ती म्हणजे स्प्रिंग. कॅम फक्त ढकलू शकतो, परत आणण्याची सोय त्याच्याकडे नाही. सोलापुरात हे समजावायला यंत्रमागाचे उदाहरण पुरते: डॉबी ताण्याच्या चौकटी उचलते, त्यांना खाली आणण्याचे काम स्प्रिंगांचे असते, आणि स्प्रिंगा सैल ठेवून मागाचा वेग वाढवला तर चौकट वेळेवर खाली येत नाही व धोटा ताण्यात अडकतो, हे इथल्या कोणत्याही जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराला) सांगावे लागत नाही.

आता हिशोब करू. इनटेक व्हॉल्व्हचा व्यास ३० मिलिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर होते. १ बार बूस्ट म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास १ किलो. म्हणजे बूस्ट पूर्ण भरलेला असताना त्या व्हॉल्व्हच्या पाठीवर सुमारे ७ किलोंचा धक्का बसतो, आणि तो उघडण्याच्या दिशेने असतो. लहान चार-व्हॉल्व्ह इंजिनांमध्ये व्हॉल्व्ह बंद असतानाचा मूळ स्प्रिंगचा भार साधारण २० ते ३० किलोंच्या घरात असतो. त्यातले ७ किलो ही किरकोळ रक्कम नव्हे.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी, नाहीतर माझाही हिशोब त्या मजकुरासारखाच एकांगी होईल. हे ७ किलो प्रत्येक क्षणी सरळ वजा होत नाहीत, कारण व्हॉल्व्हच्या तोंडावर सिलिंडरमधला दाबही असतो. कॉम्प्रेशन आणि पॉवर स्ट्रोकमध्ये सिलिंडरमधला दाब पोर्टमधल्या दाबाच्या कितीतरी वर जातो आणि व्हॉल्व्हला खरोखरच सीटवर दाबून धरतो. बहुधा हेच कुठेतरी ऐकून मजकूर लिहिणाऱ्याने त्याचे श्रेय टर्बोला देऊन टाकले असावे. पण तो दाब प्रत्येक इंजिनात असतो, टर्बो असो वा नसो, आणि तो व्हॉल्व्ह आधीच बंद झाल्यावर येतो. स्प्रिंगची परीक्षा असते ती व्हॉल्व्ह कॅमच्या टोकावरून वळून परत वर येताना आणि सीटवर आपटण्याच्या क्षणी. त्या वेळी सिलिंडर आणि इनटेक पोर्ट यांतला दाब जवळपास सारखा असतो आणि बूस्टकडून काडीचीही मदत मिळत नाही.

याहून गंभीर बाब एक्झॉस्टची आहे, आणि तिचा मजकुरात उल्लेखसुद्धा नाही. टर्बाइन फिरवण्यासाठी एक्झॉस्टचा वायू मॅनिफोल्डमध्ये (सगळ्या सिलिंडरांचा एक्झॉस्ट एकत्र करणाऱ्या नळीत) कोंडला जातो. कंपनीने बसवलेल्या लहान टर्बोवर रिमॅप करून, म्हणजे ईसीयू या इंजिनाच्या संगणकातली मापे बदलून, बूस्ट वाढवला की हा मागचा दाब बूस्टच्या पुढे जातो. इनटेकला १ बार असताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये २ बार असणे ही मुळीच नवलाची गोष्ट नाही. इनटेक स्ट्रोक चालू असताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद असायला हवा, पण त्याच्या पाठीवर २ बार आणि तोंडावर १ बार असतो. २६ मिलिमीटरचा व्हॉल्व्ह धरला तर फरकाच्या १ बारने सव्वापाच किलोंहून थोडा जास्त भार त्याला सीटवरून उठवू पाहतो, शिवाय शेजारच्या सिलिंडरचा एक्झॉस्ट उघडला की येणारी लाट सरासरीच्या वर जाते ती वेगळीच. लाख-दीड लाख किलोमीटर चालून मवाळ झालेली स्प्रिंग हा भार आणि नव्या कॅमचा झटका एकत्र सोसेल, असे गृहीत धरणे म्हणजे नशिबावर गाडी चालवणे होय.

आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवरून क्षणभर जरी उचलला गेला, तरी नुकसान केवळ ताकदीचे होत नाही. त्याची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जाते. सीटवर नीट न बसणारा व्हॉल्व्ह तापत राहतो, आणि टर्बो इंजिनात तो मुळातच जास्त तापलेला असतो. अशा एका रिमॅप केलेल्या गाडीचे हेड माझ्याकडे आले होते. चांगल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटची खूण म्हणजे एकसारखा, अरुंद, करडा पट्टा असतो. इथे तो पट्टा हातोडीने ठोकल्यासारखा रुंद झाला होता, त्यावर बारीक खड्डे होते आणि स्प्रिंगला व्हॉल्व्हच्या दांडीशी अडकवणारे कॉटर बसतात त्या खाचांच्या कडा घासून चकाकत होत्या. कॉटर सुटले असते तर व्हॉल्व्ह पिस्टनवर पडला असता, आणि टर्बो गाडीत त्याचे तुकडे तिथेच थांबत नाहीत. एक्झॉस्टमधून ते थेट टर्बाइनच्या पात्यांवर जातात. म्हणजे हेड, पिस्टन आणि टर्बो असे तिन्ही खर्च एका झटक्यात. मालकाच्या मते गाडी ‘वरच्या रेसला थोडी मिसिंग मारत होती’, एवढेच.

ही मिसिंगची गोष्ट जरा विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण बहुतेक गॅरेजांत तिचे निदान चुकते. वरच्या आरपीएमला गाडी अडखळली की आधी प्लग बदलले जातात, मग कॉइल, मग इंजेक्टर साफ होतात. शेवटी रिमॅप करणारा बूस्ट थोडा कमी करतो, अडखळणे थांबते, आणि ‘या इंजिनाला एवढाच बूस्ट झेपतो’ असा निष्कर्ष निघतो. वास्तविक त्याच आरपीएमला कमी बूस्टवर इंजिन साफ चालते आणि जास्त बूस्टवर अडखळते, तेव्हा प्लगची फट जशी तपासायची तशीच स्प्रिंगही संशयितांच्या यादीत आली पाहिजे. हायड्रॉलिक टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांतली फट तेलाने आपोआप भरून काढणारे भाग) असतील तर आणखी एक भानगड होते. व्हॉल्व्ह तरंगला की टॅपेटला मधे फट सापडते, तो तेल भरून ती फट भरून काढतो, आणि पुढचे काही क्षण व्हॉल्व्ह सीटपासून किंचित वर धरला जातो. कॉम्प्रेशन जाते, रेस सोडली की पुन्हा सगळे ठीक होते, आणि कॉम्प्रेशन गेज लावून पाहणाऱ्याला काहीच सापडत नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही दाव्यांना पुरून उरेल असे एक उदाहरण मोटर रेसिंगच्या इतिहासात आहे. १९८६ साली रेनॉने फॉर्म्युला वनच्या आपल्या दीड लिटरच्या व्ही-६ टर्बो इंजिनातून, म्हणजे ईएफ१५बी मधून, धातूच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी दाबाखालच्या वायूवर चालणारी यंत्रणा बसवली. आयर्टन सेनाच्या लोटसमध्ये हेच इंजिन होते. त्या काळात या इंजिनांचा बूस्ट इतका वाढला होता की १९८७ च्या मोसमासाठी नियमाने ४ बारची मर्यादा घालावी लागली. आता त्या मजकुराच्या तर्काने चालायचे तर एवढ्या बूस्टने व्हॉल्व्ह आपोआप सीटवर चिकटून बसायला हवे होते आणि स्प्रिंगा कमकुवत असल्या तरी चालायला हवे होते. प्रत्यक्षात त्या इंजिनियरांना चांगल्यातल्या चांगल्या पोलादाच्या स्प्रिंगाही अपुऱ्या वाटल्या, आणि तेही टर्बो इंजिनात. फ्लोट ही बिनटर्बो गाड्यांची अडचण आहे असे सांगणाऱ्याने या एका इंजिनाचे उत्तर द्यावे. बाकीचे वाद मग घालू.

साडेसहा हजारांच्या मुद्द्यात तथ्याचा अंश आहे, तो नाइलाजाने मान्य करतो. लिनिया टी-जेटची कमाल ताकद, ११४ पीएस, कंपनीच्या आकड्यांनुसार ५,००० आरपीएमलाच मिळते, आणि मूळ कॅम, मूळ बूस्ट, मूळ लिमिटर (इंजिनाला ठरावीक आरपीएमच्या वर जाऊ न देणारी मर्यादा) असताना मूळ स्प्रिंगा पुरतात, कारण त्या त्याच हिशोबाने बनवलेल्या आहेत. पण मग जास्त ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा, कॅम घ्यायचा कशासाठी? असा कॅम ताकद वरच्या आरपीएमकडे सरकवतो, आणि तो बसवणारा प्रत्येक जण पाठोपाठ लिमिटरही वाढवून घेतो. व्हॉल्व्हच्या जडत्वाचा जोर आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ६,५०० वरून ७,२०० ला जाणे म्हणजे आरपीएममध्ये ११ टक्के पण स्प्रिंगवरच्या मागणीत जवळपास २३ टक्के वाढ होय. लिमिटर अजिबात वाढवला नाही तरी नव्या कॅमची चढण-उतरण अधिक तीव्र असते, त्यामुळे त्याच आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त झटक्याने वळवावा लागतो. शिवाय पुणे महामार्गावर पाचव्यातून चौथ्याऐवजी घाईत दुसरा गिअर पडला, तर चाकेच इंजिनाला फिरवतात आणि ईसीयूचा लिमिटर तिथे काहीही करू शकत नाही.

लिफ्टचा तिसरा दावा आणि वॉशरचा पाचवा दावा एकाच मापाने निकालात निघतात, म्हणून ते एकत्र घेतो. वॉशरचा सल्ला हा सगळ्या मजकुरातला सर्वांत घातक भाग आहे, कारण तो स्वस्त आहे, सोपा आहे आणि लोक तो ऐकतात. उदाहरणापुरते आकडे घेऊ. हेडवर बसवलेल्या स्प्रिंगची उंची ३४ मिलिमीटर आहे, आणि वेढे एकमेकांना टेकून ती घट्ट होते ती २३ मिलिमीटरला. मूळ कॅमची लिफ्ट ९ मिलिमीटर असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंग २५ वर येते आणि २ मिलिमीटर शिल्लक राहतात. नवा कॅम १०.२ मिलिमीटरचा घेतला की शिल्लक ०.८ वर येते. हेडचे काम करणारे साधारणपणे एक ते दीड मिलिमीटर तरी मोकळे ठेवतात, म्हणजे इथेच आपण मर्यादेच्या खाली गेलो. ‘काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्याने निदान ही वजाबाकी तरी करायला हवी होती. आता त्यात १ मिलिमीटरचा वॉशर टाका. बसवलेली उंची ३३ होते, पूर्ण उघडताना स्प्रिंगला २२.८ वर यावे लागेल, आणि ती २३ च्या खाली जाऊ शकत नाही. तिथे स्प्रिंग उरत नाही, लोखंडाचा भरीव ठोकळा होतो, आणि कॅमला मात्र पुढे जायचेच असते. ६,००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो. कॅमचे टोक, टॅपेट, कॉटर किंवा टायमिंग बेल्ट यांपैकी जे सर्वांत कमकुवत असेल ते आधी जाते.

एवढा धोका पत्करून मिळते काय? अशा स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला साधारण तीन किलो धरला तर १ मिलिमीटरच्या वॉशरने भार वाढतो तीन किलोंनी. वर एक्झॉस्टच्या पाठीवरचा जो सव्वापाच किलोंचा हिशोब केला, तोसुद्धा त्यात भागत नाही.

वॉशरची कल्पना आली कुठून, हे मला चांगले ठाऊक आहे. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांच्या हेडमध्ये सीट झिजते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो. सीट कापून घेतली तरी तसेच होते. व्हॉल्व्ह वर गेला की त्याची दांडीही वर येते, स्प्रिंगची बसवलेली उंची वाढते आणि भार कमी होतो. तो मूळ मापावर आणण्यासाठी अर्ध्या मिलिमीटरचा शिम (पातळ चकती) खाली टाकणे हे योग्य काम आहे आणि आम्ही ते नेहमी करतो. मात्र तो शिम कडक केलेल्या पोलादाचा असतो, उंची मोजूनच त्याची जाडी ठरते, आणि त्याचा उद्देश गेलेले माप परत आणणे एवढाच असतो. नट-बोल्टच्या दुकानातला वॉशर मऊ असतो. तो स्प्रिंगखाली घासला जातो आणि त्याचा चुरा तेलातून कॅमच्या बेअरिंगपर्यंत आणि टर्बोच्या शाफ्टपर्यंत पोहोचतो.

चौथ्या दाव्याला अर्धे मार्क देतो. गरजेपेक्षा कितीतरी कडक स्प्रिंगा बसवल्या तर कॅमचे टोक आणि टॅपेट झिजतात, बेल्टवर ताण येतो आणि हायड्रॉलिक टॅपेट दबला जाऊ शकतो, हे खरे आहे. बाजारात जी सर्वांत जाड दुहेरी स्प्रिंग मिळते ती आणून बसवण्याची हौस मी पाहिली आहे आणि तिचे परिणामही पाहिले आहेत. पण ‘ताकद खाते’ हे म्हणणे टिकत नाही, कारण व्हॉल्व्ह उघडताना स्प्रिंगमध्ये गेलेली शक्ती बंद होताना कॅमच्या उतारावर बहुतांश परत मिळते आणि तोटा होतो तो घर्षणाचा. म्हणून भार मोजून निवडावा. वरच्या बाजूला निमुळती होत जाणारी मधमाशीच्या पोळ्याच्या आकाराची स्प्रिंग मिळत असेल तर ती पाहावी. तिचा रिटेनर (स्प्रिंगवरचे झाकण) लहान आणि हलका असतो, आणि हलणारे वजन कमी झाले की कमी कडक स्प्रिंगनेही काम भागते.

आणखी एक कबुली. कॅम अगदी सौम्य असेल, लिफ्ट मूळच्या जवळपास असेल आणि कॅम बनवणाऱ्याने त्याबरोबरच्या कागदावर मूळ प्रकारच्या स्प्रिंगा चालतील असे स्पष्ट छापले असेल, तर तसे करायला माझी हरकत नाही. मात्र त्याचा अर्थ मूळ प्रकारच्या नव्या स्प्रिंगा असा होतो. पंधरा वर्षे उष्णता खाल्लेल्या जुन्याच पुसून परत बसवणे असा होत नाही.

भाच्याच्या गाडीविषयी माझे मत विचाराल, तर त्या लहान टर्बोवर जास्त ओव्हरलॅपचा कॅम बसवण्यातच फारसा अर्थ नाही, कारण एक्झॉस्टचा दाब बूस्टपेक्षा जास्त असताना दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहिले तर जळका वायू उलटा इनटेकमध्ये येतो. पण पैसे देऊन झाले आहेत आणि मुलगा ऐकणार नाही. तेव्हा कॅम खोलले की लगेच पुढील मापे घ्यावीत, आणि ती घेतल्याशिवाय स्प्रिंगांची ऑर्डर देऊ नये. एक स्प्रिंग व्हाइसमध्ये पूर्ण दाबून घट्ट उंची वर्नियरने मोजावी. बसवलेली उंची प्रत्येक व्हॉल्व्हवर वेगळी मोजावी, एकावरून सोळांचा अंदाज करू नये. पूर्ण लिफ्टला रिटेनरची खालची कड आणि गाइडवरचे (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीवरचे) ऑइल सील यांत निदान एक मिलिमीटर मोकळे आहे का ते पाहावे. नव्या कॅमने पहिले बळी जाते ते बहुधा हे सील आणि मग गाडी निळा धूर काढते. स्प्रिंगांबरोबर सील आणि कॉटर नवेच घ्यावेत. हेड उतरवायचे नसेल तर प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा देऊन व्हॉल्व्ह वर धरून ठेवता येतात आणि स्प्रिंगा जागेवरच बदलता येतात, फक्त त्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून गाडी गिअरमध्ये ठेवावी, नाहीतर हवेने क्रँक फिरतो आणि व्हॉल्व्ह आत पडतो. कॅम बाहेर असतानाच हे काम उरकले तर मजुरीत फारशी भर पडत नाही, आणि टायमिंग बेल्ट तर तसाही काढलेलाच असतो.